आजीव सभासदत्व दुसऱ्या राज्यात नेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या मराठी घरांत आता अशी मुलं मोठी होत आहेत, ज्यांचा एक पूर्वज कृष्णाकाठी शेती करत होता आणि दुसरा, आईच्या किंवा वडिलांच्या अमेरिकन बाजूचा, जॉर्ज वॉशिंग्टनच्या फौजेत होता. माझा मुलगा त्यांतलाच. तो अठरा वर्षांचा झाला तेव्हा माझ्या सासऱ्यांनी त्याला ‘सन्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ या, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात भाग घेतलेल्यांच्या वंशजांच्या संस्थेचं सभासद करून घेतलं आणि आजीव सभासदत्वाची रक्कम स्वतःच्या खिशातून भरली. चार वर्षांनी नोकरीसाठी तो दुसऱ्या राज्यात गेला. सभासदत्वाची बदली करून घेतली आणि महिन्याभरात नव्या शाखेच्या खजिनदाराचं वर्गणीचं पत्र आलं. “आजोबांनी कायमचे पैसे भरले होते ना?” एवढंच तो म्हणाला, पण ते त्याला लागलं होतं. त्या हिवाळ्यात मी हे सगळं प्रकरण समजून घेतलं. तेव्हापासून ओळखीच्या घरांतून हेच प्रश्न येत राहतात, म्हणून ते एकत्र लिहून ठेवते आहे.

वंशपरंपरागत संस्था म्हणजे नेमकं काय?

ठरावीक काळातल्या, ठरावीक कार्यात भाग घेतलेल्या माणसाचा आपण थेट वंशज आहोत हे कागदपत्रांनी सिद्ध केल्यावर जिथे सभासद होता येतं, ती वंशपरंपरागत संस्था. आपल्याकडच्या कुलवृत्तांतासारखं काम इथेही आहे, फरक पुराव्याचा. कुलवृत्तांतात आत्याने सांगितलेली आठवणही जागा मिळवते. इथे प्रत्येक पिढीसाठी जन्म, लग्न आणि मृत्यू यांची नोंद लागते. तशी नोंद नसेल तर मृत्युपत्र, जमिनीचा दस्त, चर्चचं रजिस्टर किंवा जनगणनेचा कागद.

अमेरिकन क्रांतीपुरतं बोलायचं तर पुरुषांसाठी सन्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन (इथे सगळे एसएआर म्हणतात), स्त्रियांसाठी डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन (डीएआर), आणि मुलामुलींसाठी १८९५ साली सुरू झालेली चिल्ड्रन ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन. पूर्वज सैनिकच हवा असं नाही. फौजेला धान्य किंवा गुरं पुरवणारा, निष्ठेची शपथ घेतलेला, गावच्या समितीत काम केलेला माणूसही चालतो.

एकाच संस्थेच्या राज्यशाखा इतक्या वेगळ्या का वागतात?

हा प्रश्न नीट समजला की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

१७८३ च्या मे महिन्यात, लढाई संपत आलेली असताना, वॉशिंग्टनच्या अधिकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये हडसन नदीच्या काठी ‘सोसायटी ऑफ द सिनसिनाटी’ ही वंशपरंपरागत संस्था स्थापन केली. पुढाकार जनरल हेन्री नॉक्सचा होता. नांगर सोडून रोमच्या रक्षणाला धावलेल्या आणि काम होताच शेतावर परतलेल्या सिनसिनाटसचं नाव तिला दिलं. प्रत्येक अधिकाऱ्याने एक महिन्याचा पगार द्यायचा असं ठरलं. तो जमा व्हायचा कुठे, तर त्याच्या राज्यशाखेच्या खजिनदाराकडे. अडचणीतल्या सोबत्यांना आणि त्यांच्या विधवांना त्यातून मदत व्हायची. आजच्या आजीव वर्गणीचं मूळ मला या एका महिन्याच्या पगारात दिसतं. पैसा एकदाच दिलेला, कायमचा दिलेला, आणि राज्याच्या पेटीत दिलेला.

ती पेटी खरोखरच राज्याची होती. एकोणिसाव्या शतकात व्हर्जिनियाची शाखा मावळली तेव्हा तिने आपला निधी तिथल्याच वॉशिंग्टन अकॅडमीला दिला, जी आज वॉशिंग्टन अँड ली युनिव्हर्सिटी म्हणून ओळखली जाते. तो निधी शेजारच्या राज्यांच्या शाखांत वाटला गेला नाही.

शंभर वर्षांनी हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. १८८३ साली जॉन ऑस्टिन स्टीव्हन्स यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘सन्स ऑफ द रेव्होल्यूशन’ उभी केली. बाकीच्या राज्यांतल्या शाखांनी न्यूयॉर्कच्या आधिपत्याखाली राहावं असा तिथला आग्रह होता. न्यू जर्सीच्या विल्यम मॅकडॉवेल यांना ते पटलं नाही. सगळ्या राज्यांचा दर्जा सारखा हवा, असं त्यांचं म्हणणं. ३० एप्रिल १८८९ ला, वॉशिंग्टनच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या शपथेला बरोबर शंभर वर्षं झाली त्या दिवशी, न्यूयॉर्कच्या फ्रॉन्सेस टॅव्हर्नमध्ये एसएआरची स्थापना झाली. म्हणजे राज्यशाखांची स्वायत्तता हा नियमावलीच्या शेवटच्या पानावरचा मुद्दा नव्हे. त्याच मुद्द्यावर ही संस्था जन्माला आली आहे. एका राज्याने घेतलेल्या पैशांचं बंधन दुसऱ्या राज्यावर का पडत नाही, याचं उत्तर त्यात आहे.

मग आजीव सभासदत्व बदलीबरोबर जातं की नाही?

कुठल्या पातळीवर पैसे भरले आहेत त्यावर ते ठरतं. एसएआरमध्ये तीन पातळ्या आहेत : राष्ट्रीय संस्था, राज्यशाखा आणि त्याखाली गावची किंवा जिल्ह्याची स्थानिक शाखा. वर्गणीही तिघांची वेगवेगळी असते, जरी ती बहुधा एकाच चेकने भरली जात असली तरी. घोळ तिथेच होतो. एकच चेक म्हणून एकच वर्गणी, असं आपण धरून चालतो.

राष्ट्रीय आजीव सभासदत्व घेतलं असेल तर ते देशभर तुमच्याबरोबर येतं. ओहायोत असा, टेक्सासला जा, राष्ट्रीय वर्गणी पुन्हा कधी भरावी लागत नाही. मात्र ते फक्त राष्ट्रीय वर्गणीपुरतं असतं. राज्याची आणि स्थानिक शाखेची वर्गणी दरवर्षी चालूच राहते.

राज्याचं आजीव सभासदत्व त्या राज्यापुरतं. तुम्ही भरलेली रक्कम त्या राज्याच्या कायम निधीत गेलेली असते. खजिनदार मुद्दलाला हात न लावता तिच्या व्याजातून तुमची दरवर्षीची वर्गणी वळती करतो. तुम्ही दुसरीकडे गेलात तरी मुद्दल तिथेच राहतं. नव्या राज्याच्या हाती त्यातला एक डॉलरही येत नाही आणि तरी त्याने तुमची पत्रकं, सभा, नोंदी यांचा खर्च सोसायचा, हे त्याला मान्य करायला लावता येत नाही. स्थानिक शाखेच्या आजीव सभासदत्वालाही हेच लागू.

आपल्या माणसांना हे समजावताना मी मंडळाचं उदाहरण देते. एका शहराच्या महाराष्ट्र मंडळाचे तुम्ही आजीव सभासद आहात आणि दुसऱ्या शहरात घर घेतलंत, तर तिथल्या मंडळाच्या गणपतीला सभासद म्हणून फुकट बसता येत नाही. त्यात कुणाला अन्याय वाटत नाही. एसएआरमध्ये तो वाटतो, कारण दोन्हीकडे नाव एकच आणि बिल्लाही एकच.

माझ्या सासऱ्यांनी भरले होते ते राज्याचे पैसे. प्रमाणपत्रावर ‘आजीव सभासद’ एवढंच ठळक होतं, शिक्का राज्याचा होता आणि तो आम्ही कुणी नीट वाचला नव्हता.

भरलेली रक्कम परत मिळते का?

नाही असंच धरून चाला. ती ठेव नव्हे, निधीला दिलेली रक्कम आहे. क्वचित एखाद्या राज्याच्या नियमावलीत वेगळी तरतूद असू शकते, म्हणून एकदा सचिवांना लेखी विचारायला हरकत नाही. पण मी तरी त्यासाठी भांडणार नाही. त्या निधीतून शाळांतल्या मुलांच्या निबंधस्पर्धा होतात, क्रांतीतल्या सैनिकांच्या थडग्यांवर खुणेचे दगड बसतात. माझ्या सासऱ्यांचे पैसे तिथे गेले असतील तर ते वाया गेलेले नाहीत, असं मी मुलाला सांगितलं. आणि ते मला मनापासून वाटतं.

बदली झाल्यावर वंशावळ पुन्हा सिद्ध करावी लागते का?

लागत नाही, आणि सगळ्यात मोठा दिलासा हाच आहे. एकदा मंजूर झालेला अर्ज राष्ट्रीय संस्थेच्या दप्तरी, एसएआरच्या बाबतीत केंटकीमधल्या लुइव्हिलला, कायम राहतो. तुम्हाला मिळालेला राष्ट्रीय क्रमांक कधी बदलत नाही. राज्याचा क्रमांक मात्र बदलतो, कारण नवं राज्य तुम्हाला आपल्या यादीत नव्याने घेतं. जुन्या प्रमाणपत्रावर दोन क्रमांक दिसले तर त्यांतला राष्ट्रीय कोणता हे आजच वहीत उतरवून ठेवा. पुढे प्रत्येक पत्रात तोच विचारला जातो.

पुरवणी अर्ज करून आणखी पूर्वज सिद्ध केले असतील तर तेही त्याच फायलीत राहतात.

बदली प्रत्यक्षात करायची कशी?

आधी नव्या राज्याच्या सचिवांना पत्र किंवा ईमेल करा, जुन्यांना नंतर. बहुतेक जण उलटं करतात. नव्या ठिकाणी तुमच्या घराजवळ कोणती स्थानिक शाखा आहे, तिची वर्गणी किती, आणि दुसऱ्या राज्यातून आलेल्या आजीव सभासदाला ते कसं वागवतात, हे आधी लेखी कळलं पाहिजे. सवलत द्यायचं बंधन त्यांच्यावर नाही, पण द्यायची झाली तर ती त्यांच्या मर्जीची बाब आहे. मर्जी विचारल्याशिवाय कळत नाही.

मग बदलीचा फॉर्म. तुमची वर्गणी थकलेली नाही असा निर्वाळा जुन्या राज्याचे सचिव देतात, नवं राज्य स्वीकार कळवतं आणि राष्ट्रीय कार्यालय नोंद फिरवतं. हे सगळं करणारी माणसं स्वयंसेवक असतात, बहुतेक निवृत्त. आठवड्यात उत्तर आलं नाही म्हणून रागावू नका, पण महिना झाला तर नक्की आठवण करा.

वेळेचं भान मात्र ठेवायला हवं. एसएआरचं वर्गणीचं वर्ष डिसेंबरअखेर संपतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बदली टाकली तर जुन्या राज्याने तुम्हाला यादीतून काढलेलं आणि नव्याने अजून घेतलेलं नाही, अशी स्थिती येऊ शकते. त्या फटीत वर्गणी कुणीच पुढे पाठवत नाही आणि जानेवारीत तुमचं नाव ‘थकबाकीमुळे कमी’ या रकान्यात जातं. मग पुन्हा दाखल होण्याचा अर्ज आणि त्याचे पैसे. वसंतात किंवा उन्हाळ्यात बदली करा. वर्षअखेरच करायची असेल तर पुढच्या वर्षाची वर्गणी नेमकी कुठे भरायची हे दोन्ही सचिवांकडून एकाच ईमेलमध्ये कबूल करून घ्या.

राजीनामा देऊन नव्या राज्यात नवा अर्ज केला तर?

कृपा करून तसं करू नका. राजीनाम्याने राज्याचं आजीव सभासदत्व संपतं आणि हाती काही येत नाही. शिवाय नव्या अर्जाला आजचे पुराव्याचे निकष लागतात. आजोबांच्या काळात कुटुंबाच्या बायबलमधल्या एका ओळीवर मंजूर झालेली पिढी आज तेवढ्यावर मंजूर होईलच असं नाही.

आजीव सभासदत्व गमवायचं नाही आणि नव्या गावी कामही करायचं आहे. मार्ग आहे का?

आहे. दुहेरी सभासदत्व. मूळ राज्यशाखा तीच ठेवायची, जिथे आजीव आहात ती, आणि नव्या राज्यात दुसरं सभासदत्व घ्यायचं. राष्ट्रीय वर्गणी एकदाच, मूळ राज्यामार्फत. नव्या राज्याची आणि तिथल्या स्थानिक शाखेची वर्गणी वेगळी भरायची. आमच्या मुलाचा प्रश्न शेवटी असाच सुटला. बदली मागे घ्यावी लागली, त्यात दोन महिने गेले, पण दोन्ही सचिवांनी समजून घेतलं. आज तो मूळ राज्यात आजोबांच्या पैशांतून आजीव आहे आणि राहत्या गावी स्वतःच्या पगारातून वर्गणी भरतो.

मत कुठे द्यायचं, पदाधिकारी कुठे होता येतं, हे प्रत्येक राज्याच्या नियमांत पाहावं लागतं.

आजी-आजोबांना नातवासाठी आजीव सभासदत्व घ्यायचं आहे. कोणतं घ्यावं?

माझं मत स्पष्ट आहे. विशी-पंचविशीतल्या मुलासाठी राज्याचं घेऊ नका. त्याचं कॉलेज एका राज्यात, पहिली नोकरी दुसऱ्या, संसार तिसऱ्या राज्यात होणार. राष्ट्रीय घ्या. एसएआरमध्ये त्याची रक्कम वयावर ठरते आणि तरुणाला ती जास्त पडते, कारण त्याला पुढची साठ-सत्तर वर्षं वर्गणी माफ व्हायची असते. तरीही तेच घ्या. राज्याचं आजीव सभासदत्व शोभतं ते घर, अंगण आणि स्मशानभूमी ठरलेल्या माणसाला. माझ्या सासऱ्यांचं स्वतःचं असंच होतं आणि त्यांच्यासाठी ते अगदी योग्य होतं.

डीएआर आणि मेफ्लॉवरचे नियम हेच आहेत का?

चौकट तीच, तपशील वेगळे. डीएआर ११ ऑक्टोबर १८९० ला वॉशिंग्टनमध्ये स्थापन झाली. तिथे बदली मुख्यतः एका स्थानिक शाखेतून दुसऱ्या शाखेत होते. दोन्ही शाखा एकाच राज्यातल्या असोत वा नसोत, राष्ट्रीय क्रमांक तोच राहतो. जवळ शाखा नसेल तर कोणत्याही शाखेशी न जोडलेली सभासद म्हणूनही राहता येतं, आणि दुसऱ्या शाखेत सहयोगी म्हणून भाग घेता येतो.

जनरल सोसायटी ऑफ मेफ्लॉवर डिसेंडंट्स ही १८९७ साली प्लिमथमध्ये स्थापन झाली. १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून १०२ प्रवासी इंग्लंडहून अमेरिकेत आले आणि पहिल्या हिवाळ्यात त्यांतले जवळपास निम्मे वारले. त्या जहाजातल्या प्रवाशांचे वंशज ही तिची सभासद मंडळी. इथेही जनरल सोसायटीचा क्रमांक कायमचा आणि राज्याचा क्रमांक बदलणारा. आजीव सभासदत्व देणं-न देणं राज्यसंस्थेच्या हातात, म्हणून वर सांगितलेली सावधगिरी इथेही तितकीच.

सिनसिनाटीमध्ये बदली होते का?

१७८३ च्या मूळ घटनेत याचं उत्तर लिहिलेलं होतं : एका राज्यातून दुसऱ्या राज्यात राहायला गेलेला सभासद सर्व बाबतींत नव्या राज्याच्या शाखेचा समजावा. हे वाचलं तेव्हा मी थक्क झाले. बदलीचा नियम देशाच्या संविधानापेक्षा चार वर्षांनी जुना!

आज मात्र तिथली जागा घराच्या पत्त्यावरून ठरत नाही, पूर्वज अधिकारी कोणत्या राज्याच्या फौजेत होता त्यावरून ठरते. मूळ तेरा राज्यांच्या तेरा शाखा आणि फ्रान्सची एक, अशा चौदा. एका अधिकाऱ्यामागे साधारणपणे एकच प्रतिनिधी. १७८४ साली बेंजामिन फ्रँकलिनने लेकीला लिहिलेल्या पत्रात या वंशपरंपरेवर कडक टीका केली होती. मान वारसाने खाली उतरण्यापेक्षा आईबापांकडे वर चढावा, असा त्याचा रोख होता. त्याचं म्हणणं मला पटतं. तरीही त्या चौदा शाखांनी जपलेली कागदपत्रं पाहिली की त्यांच्याविषयी आदरच वाटतो.

सन्स ऑफ द रेव्होल्यूशनमधून एसएआरमध्ये बदली होईल?

नाही. नावं जुळी असली तरी संस्था दोन. एकत्र येण्याचे प्रयत्न झाले, पण जमलं नाही. दुसऱ्या संस्थेत नवा अर्जच करावा लागतो.

मुलगा अर्धा मराठी आहे. त्याच्या कागदपत्रांत अडचण येते का?

पात्रतेत काहीच अडचण नाही. वंश आईकडून आला की वडिलांकडून, याने फरक पडत नाही. अडचण येते ती नावांची. लग्न पुण्यात झालेलं असेल तर लग्नाच्या दाखल्यावर सुनेचं मधलं नाव नवऱ्याचं असू शकतं, पासपोर्टवर वडिलांचं आणि अमेरिकेच्या लायसनवर कोणतंच नाही. इथल्या निबंधकाला ही तीन वेगळी माणसं वाटतात. पहिल्या अर्जाबरोबरच एक साधं प्रतिज्ञापत्र जोडा, की मराठी पद्धतीत मधलं नाव आधी वडिलांचं आणि लग्नानंतर नवऱ्याचं असतं. दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर करून घ्या. बदलीच्या फॉर्मवर नाव अर्जात मंजूर झालं तस्संच लिहा, एखादं अक्षरही बदलू नका.

आमच्या घरी मी मुलाला दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या. १९ एप्रिल १७७५ ला लेक्सिंग्टनला अमेरिकन क्रांतीतली पहिली गोळी सुटली, त्याच्या सुमारे सहा आठवडे आधी रघुनाथरावाने इंग्रजांशी सुरतेचा तह केला होता. १७७९ च्या जानेवारीत वडगावला इंग्रज मराठ्यांपुढे नमले, १७८१ च्या ऑक्टोबरात यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसने वॉशिंग्टनपुढे शस्त्रं ठेवली. पुढे हाच कॉर्नवॉलिस भारतात गव्हर्नर जनरल होऊन आला आणि १७९२ साली श्रीरंगपट्टणला पेशव्यांची फौज त्याच्या बाजूने उभी होती. माझ्या मुलाच्या दोन्हीकडच्या पूर्वजांच्या काळात एकच साम्राज्य दोन टोकांना लढत होतं. हे कळल्यावर तो सभेला आवडीने जाऊ लागला.

कायमचे भारतात परतलो तर सभासदत्व सोडावं लागेल?

मुळीच नाही. आहे त्या राज्यशाखेत राहा, फक्त पत्ता बदला. बाहेरदेशी राहणाऱ्या सभासदांनी राज्याचं आजीव सभासदत्व जरूर जपावं. राज्याची वर्गणी तरी परदेशातून दरवर्षी पाठवण्याची कटकट वाचते.

आजीव सभासद वारल्यावर सभासदत्व मुलाकडे जातं का?

जात नाही. ‘आजीव’ म्हणजे त्या माणसाच्या हयातीपुरतं. मृत्यूची सूचना राज्यशाखेला द्या. वार्षिक सभेत दिवंगतांची नावं वाचली जातात आणि आमच्या सासऱ्यांचं नाव ऐकायला आम्ही सगळे गेलो होतो. मुलाने किंवा नातवाने स्वतःचा अर्ज करायचा. त्यात वडिलांचा किंवा आजोबांचा राष्ट्रीय क्रमांक लिहिला की मधल्या पिढ्यांचा बराच पुरावा त्या फायलीतून घेता येतो. फाईल फार जुनी असेल तर काही पिढ्यांचे दाखले नव्याने मागतात. म्हणून सभासद हयात आहेत तोवरच मंजूर अर्जाची प्रत मागवून घरच्या कागदपत्रांत ठेवा.